अक्षरं तीच, फूल वेगळं

१७४२ साली स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला टोडफ्लॅक्सचं एक चमत्कारिक रोप मिळालं. टोडफ्लॅक्स हे आपल्या बागांतल्या स्नॅपड्रॅगनचं पिवळ्या फुलांचं भावंड. त्याच्या नेहमीच्या फुलाला वर-खाली दोन ओठ असतात आणि मागे एकच लांबट शेपटी, तिच्यात मध. या रोपाची फुलं मात्र सगळ्या बाजूंनी सारखी, नळीसारखी होती आणि प्रत्येकाला पाच-पाच शेपट्या होत्या. नमुना पाहून कार्ल लिनियसला आधी वाटलं, कुणीतरी दुसऱ्याच झाडाची फुलं या दांड्यावर चिकटवली असावीत. तसं नाही अशी खात्री पटल्यावर त्याने या रोपाला ‘पेलोरिया’ म्हटलं. ग्रीकमध्ये याचा अर्थ राक्षस. फुलांच्या रचनेवरून वनस्पतींचे वर्ग पाडणाऱ्या लिनियसची या रोपाने चांगलीच पंचाईत केली: पानं, खोड टोडफ्लॅक्सचं, आणि फूल भलत्याच वर्गात बसणारं.

उत्तर मिळायला अडीचशे वर्षं लागली. १९९९ साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये पिलार क्युबास, कोरल व्हिन्सेंट आणि एन्रिको कोएन यांनी फुलाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा वेगळी घडवणारं जनुक तपासलं. अपेक्षा अशी की डीएनएतलं एखादं अक्षर गळालं किंवा बदललं असणार. पण जनुक शाबूत होतं, फक्त गप्प होतं. त्याच्या सायटोसिनांवर मिथाइल गटांची दाटी झाली होती. त्याहून बोलका पुरावा रोपावरच होता. अधूनमधून एखाद्या फांदीवर जवळजवळ नेहमीसारखी दोन ओठांची फुलं यायची, आणि तिथे मिथाइलचं प्रमाण कमी झालेलं, जनुक पुन्हा जागं झालेलं दिसायचं.

मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसिन, त्याच्या पाचव्या कार्बनवर हा गट बसतो. अक्षर सीच राहतं, त्याची जोडी समोरच्या जीशीच जमते, संदेशात काना-मात्रेचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्यांना. जनुक वाचायला येणारी काही प्रथिनं अशा जागी नीट बसू शकत नाहीत, तर काही प्रथिनं नेमकी मिथाइल ओळखून तिथे चिकटतात आणि तो भाग आवळून बंद करायला इतरांना बोलावतात. माणसात ही खूण मुख्यतः सीच्या पुढे जी आला असेल तिथे असते. अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आपल्या जनुकसंचात आहेत आणि बहुतेक पेशींत त्यांतल्या ७० ते ८० टक्के जागी मिथाइल असतो.

पेशी दुभंगताना ही खूण पुसली का जात नाही? १९७५ साली आर्थर रिग्ज यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी, याचं उत्तर सुचवलं. सी-जी ही जोडी समोरच्या धाग्यावरही उलट बाजूने सी-जीच वाचली जाते. डीएनएची प्रत निघते तेव्हा जुन्या धाग्यावर खूण असते, नव्यावर नसते. अशी अर्धवट जागा हेरून नव्या धाग्यावर मिथाइल बसवणारं एन्झाइम पेशीत असतंच. म्हणून यकृताच्या पेशीतून यकृताचीच पेशी जन्मते, मेंदूची नाही. त्याच अक्षरांतून वेगवेगळ्या पेशी घडतात आणि आपापलं काम विसरत नाहीत, याचं बरंच श्रेय या खुणेला आहे.

मधमाश्यांचं उदाहरण तर विलक्षण आहे. राणी आणि कामकरी माशी यांच्या जनुकांत फरक नसतो, अळीपणी मिळणाऱ्या खाण्यात असतो. २००८ साली कॅनबेराच्या संशोधकांनी अळ्यांमधलं मिथाइल बसवणारं एक एन्झाइम दाबून टाकलं. एरवी कामकरी झाल्या असत्या अशा बहुतेक अळ्या पूर्ण वाढलेल्या अंडाशयांच्या राण्या झाल्या.

ही खूण भलत्या जागी बसली की मात्र घात होतो. कर्करोगाच्या पेशींत वाढीला लगाम घालणारी जनुकं अनेकदा मिथाइलने बंद पडलेली आढळतात. प्रागमध्ये १९६०च्या दशकात तयार झालेलं अझासायटिडीन हे रसायन सायटोसिनसारखंच दिसतं, पण त्याच्या पाचव्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन असतो. मिथाइल बसवायला आलेलं एन्झाइम त्यात अडकून पडतं. पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० साली दाखवलेला परिणाम आजही थक्क करतो: हे औषध दिलेल्या उंदराच्या भ्रूणपेशींतून काचेच्या बशीत आकुंचन पावणारे स्नायू तयार झाले, आणि त्याच वेळी डीएनएवरचा मिथाइल घटला होता. मोठ्या मात्रेत हे औषध विषारी, म्हणून ते बरीच वर्षं मागे पडलं. कमी मात्रेत वापरायची युक्ती जमल्यावर २००४ साली अमेरिकेत त्याला अस्थिमज्जेच्या एमडीएस या आजारासाठी मान्यता मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान नेहमीच्या उपचारांत १५ महिने होतं, या औषधाने ते साडेचोवीस महिने झालं. भारतातही हे औषध वापरलं जातं.

आरएनएवरही हीच खूण असते, विशेषतः प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या टीआरएनएवर. तिथे तिचं काम वेगळं आहे. मिथाइल असलेला टीआरएनए सहजी तुटत नाही. डीएनएवर काम करत असेल असं समजून ज्याला डीएनएमटी-२ हे नाव दिलं गेलं, ते एन्झाइम प्रत्यक्षात टीआरएनएवर मिथाइल बसवतं, हे २००६ साली उघड झालं. टीआरएनएवर हीच खूण बसवणारं दुसरं एन्झाइम घडवणारं एनएसयूएन-२ हे जनुक बिघडलेल्या कुटुंबांत मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली आढळली आहे. एवढ्याशा खुणेवर मुलाचं बोलणं-शिकणं अवलंबून असावं, ही गोष्ट या संशोधनाची निकड पुरेशी सांगते.

आजीने सोसलेली उपासमार नातवाच्या डीएनएवर उमटते, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. तिथे सावध राहायला हवं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला, माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भ राहून जन्मलेली माणसं साठीला आल्यावर २००८ साली तपासली गेली, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ-२ जनुकावर त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइल थोडा कमी निघाला, सुमारे ५ टक्क्यांनी. सहा दशकं टिकलेला हा फरक मोलाचा आहे. पण ही माणसं स्वतःच गर्भात उपाशी राहिली होती. हा वारसा नव्हे, थेट झालेला आघात आहे. शिवाय सस्तन प्राण्यांत गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईबापांकडून आलेल्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात आणि पुन्हा नव्याने मांडल्या जातात. ठरावीक थोड्या जनुकांवरच्या खुणा तेवढ्या यातून वाचतात. वनस्पतींत अशी सरसकट सफाई होत नाही, त्यामुळे मिथाइलच्या खुणा बियांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरल्याचे पक्के दाखले बहुतांशी वनस्पतींचेच आहेत.