जुन्या सागवानाचा हिशेब

जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारात जुनी कपाटं, पलंग, दारं, खिडक्यांच्या चौकटी एकावर एक रचलेल्या दिसतात. उपनगरांत पुनर्विकासाचा सपाटा चालू आहे, त्यामुळे असा माल संपत नाही. समजा, या भागातल्या काही सुतारांनी ठरवलं की ठेकेदाराची रोजंदारी सोडायची, स्वतःच्या मालकीचा कारखाना काढायचा आणि जमेल तितकं जुनंच लाकूड वापरायचं. तर तो चालेल कसा?

आधी सहकारी संस्था म्हणून नोंदणी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे किमान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात. सुतारकामात काका, पुतण्या, मेहुणा एकाच कामावर असतात. त्यामुळे दहा हात सहज जमतात, पण दहा घरं जमवावी लागतात. भाग (शेअर) कितीही असोत, सभेत मत प्रत्येकाला एकच.

खरं काम लाकूड दारात आल्यावर सुरू होतं. जुना सागवान स्वस्त पडतो, पण फक्त खरेदीच्या पावतीवर. प्रत्येक फळीतले खिळे, बिजागऱ्यांचे तुटलेले स्क्रू शोधून काढायचे. एक खिळा राहिला तरी यंत्राच्या रंध्याचं पातं गेलं. हातात धरायचं छोटं मेटल डिटेक्टर इथे चैन नव्हे. मग रंग. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांच्या आत असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. चाळीच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असतात. म्हणून तो रंग कोरडा घासायचा नाही. ओला करून, मास्क लावून खरवडायचा आणि ती खपली वेगळी साठवायची.

त्यानंतर मुंबईची हवा. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातलं पाणी साधारण 12 टक्क्यांवर स्थिरावतं. पावसाळ्यात आर्द्रता 85 वर गेली आणि तशीच राहिली, की ते 18 च्या घरात जातं. पन्नास वर्षं वाळलेला सागवान असला तरी तो जुलैत उघड्यावर ठेवला तर पुन्हा ओलावा घेणारच. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारं खेळेल अशी थप्पी आत लावायची, ओलावा मोजणाऱ्या मीटरने तपासत राहायचं आणि दाराची मधली फळी चौकटीत चिकटवून न टाकता खाचेत थोडी मोकळी ठेवायची. हे केलं नाही तर पावसाळ्यात बसवलेलं दार हिवाळ्यात फटी दाखवतं.

या सगळ्यात पैसे कमी लागतात, पण तास फार जातात. कामगारांची मालकी आणि पर्यावरण हे दोन विषय नेमके इथे एकत्र येतात. रोजंदारीवर माणसं लावणाऱ्या मालकाला तास वाचवायचे असतात, म्हणून तो नवं प्लायवुड आणि सनमायका घेतो. काम करणाराच मालक असेल तर लाकूड व्यापाऱ्याकडे गेले असते ते पैसे मजुरी म्हणून त्याच्याच घरी जातात. अर्थात ही मजुरी गिऱ्हाइकाने मोजली तरच. म्हणून बिलात लाकूड आणि तास वेगळे दाखवावेत. ‘जुनं लाकूड आहे, मग एवढे कसे?’ या ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या तासांच्या रकान्यात असतं.

मग गोंद. 1959 साली बळवंत पारेख यांच्या कंपनीने फेव्हिकॉल आणण्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तापवून वापरत. वास मारणारं, कटकटीचं काम. फेव्हिकॉलने त्यातून सोडवलं, हे मान्यच. पण सरसाचा सांधा उष्णतेने आणि वाफेने पुन्हा उघडता येतो. ज्या खुर्चीची दुरुस्ती पुढेमागे व्हायची आहे, तिच्यासाठी तो अजूनही विचारात घ्यावा, असं माझं मत आहे.

भुशाकडे मात्र कुणीच नीट पाहत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच ठरवलं आहे. धूळ ओढणारी यंत्रणा बसवण्याचा खर्च ठेकेदार टाळतो, कारण फुप्फुसं त्याची नसतात. सुतारांच्या संस्थेने तो पहिल्या भांडवलातच धरावा. उरलेले तुकडे पूर्वी बेकऱ्यांच्या भट्टीत जात. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्याच्या दिशेने आदेश दिला आणि ती वाट अरुंद झाली. तेव्हा तुकड्यांचे पाट, चौकटी, खुंट्या करणं आलं. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या तर कधीच गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेटू शकतात, आणि ओशिवऱ्याच्या बाजाराने आगी कमी पाहिलेल्या नाहीत. पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

आता पैसा. हजेरीप्रमाणे मजुरी दर महिन्याला निघते. वर्षाअखेर निव्वळ नफा चार लाख उरला, तर कायद्याप्रमाणे किमान एक चतुर्थांश, म्हणजे एक लाख, राखीव निधीत जातो. भागांवरचा लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. दोन्ही अटी जाचक वाटतात, पण कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज आठवावी. बंद पडलेला तो कारखाना 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांनीच ताब्यात घेतला. काही वर्षं तो चालवूनही दाखवला. पुढे खेळतं भांडवल आटलं, आपसांत वाद झाले. सुतारकामात तर लाकूड आज रोखीने घ्यावं लागतं आणि बिल दोन-तीन महिन्यांनी वसूल होतं. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यायचा नियम पहिल्याच सभेत करावा आणि ओळखीच्या माणसासाठीही तो मोडू नये.

सगळ्यात नाजूक प्रश्न येतो दिवाळीच्या तोंडावर. काम वाढतं, बाहेरून चार हेल्पर बोलवावे लागतात. तेच हेल्पर वर्षानुवर्षं हेल्परच राहिले, तर दहा सुतारांचे दहा छोटे ठेकेदार होतात. म्हणून किती महिने काम केल्यावर माणसाला सभासद करून घ्यायचं आणि भागाची रक्कम त्याच्या मजुरीतून किती हप्त्यांत कापायची, हे पोटनियमांतच लिहून ठेवायचं.