उसाच्या ट्रॉलीत हवा किती भरायची?

गळीत हंगाम सुरू झाला की माढा, माळशिरस, पंढरपूर या तालुक्यांतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांत हवा भरली जाते ती टायरला लाथ मारून, टणक लागला की झालं अशा अंदाजाने. ट्रॉलीचा टायर 20 पाउंड कमी असला तरी लाथेला टणकच लागतो, म्हणून हा अंदाज धोक्याचा आहे.

हवा ठरते ती टायरवर पडणाऱ्या वजनावरून. कारखान्याच्या काट्यावर अख्ख्या ट्रॉलीचं वजन कळतं, पण ते चारही चाकांवर सारखं पडत नाही. गावाकडच्या वजनकाट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं एकेक एक्सल वेगळं तोलून घ्यावं. समजा मागच्या एक्सलवर 5,000 किलो आले, तर एका चाकावर 2,500. मोळ्या एका बाजूला कलतात, रस्त्याला उतार असतो, म्हणून वर थोडी सूट धरायची. आता टायरच्या बाजूवर बघा: जास्तीत जास्त किती किलो आणि त्यासाठी किती पाउंड, हे बहुतेक टायरांवर कोरलेलं असतं. आपलं वजन त्या मर्यादेच्या जवळ असेल तर हवाही तिथे लिहिलेली तेवढीच. आणि टायर 2,300 किलोचाच असेल तर? मग कितीही हवा भरली तरी तो 2,500 पेलत नाही. ऊस कमी भरायचा किंवा टायर बदलायचा, तिसरा मार्ग नाही.

कमी हवेचा टायर फुटतो तो उष्णतेने. प्रत्येक फेऱ्याला त्याच्या भिंती दबतात, उलगडतात, रबर आतून तापतं आणि शेवटी थर सुटतात. काळ्या रानात चाक रुतू नये म्हणून फडात हवा सोडणारे बरेच आहेत. तीच ट्रॉली डांबरी रस्त्यावर तशीच कारखान्यापर्यंत जाते, हे मला फार काळजीचं वाटतं. रात्री भर रस्त्यात कललेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकते. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्याचा दणका थेट त्याच्या थरांना बसतो.

हवा मोजायची ती पहाटे, गाडी हलण्याआधी, गेज लावून. सोलापुरात हिवाळ्याच्या पहाटे 15 अंशांना भरलेले 80 पाउंड टायर 40 अंशांपर्यंत तापला की 88 च्या आसपास दिसतात. ही वाढ धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. दुपारी गव्हाणीपुढच्या रांगेत गेज लावून ‘हवा वाढली’ म्हणून सोडू नये, नाहीतर दुसऱ्या पहाटे तोच टायर सात-आठ पाउंड कमी निघतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरांचा हिशेब वेगळा, ते फार कमी हवेवर चालतात. पंक्चरवाल्याला ‘सगळीकडे सारखी भर’ असं कधीच सांगू नका, एकेका चाकाचा आकडा सांगा.