नुसता ड्रायव्हर

पप्पांना जाऊन महिना झाला होता. फॅमिली पेन्शनच्या कामासाठी आईला त्यांचं डिस्चार्ज बुक हवं होतं. मी पुण्याहून गावी आलेलीच होते. ‘‘माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, बघ जरा,’’ आई म्हणाली.

काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात पप्पांचा आर्मी नंबर. लहानपणापासून ती बघत आले, पण आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

पप्पा मिलिटरीत होते, हे माहीत होतं. पण सातारा जिल्ह्यात त्याचं काय नवल? चार घरं सोडली की एक फौजी असतोच. त्यात पप्पा एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर शाळेची व्हॅन चालवायचे. कॉलेजात कुणी विचारलं की मी ‘एक्स-आर्मी’ म्हणायचे आणि पटकन विषय बदलायचे.

२०२१ मध्ये ‘शेरशाह’ आला, तेव्हा आम्ही तो घरीच लावला होता. बॉम्ब फुटायला लागले आणि पप्पा उठून अंगणात गेले. मी आतून ओरडले, ‘‘पप्पा, बघा की! तुम्ही तर नुसते ट्रकच चालवले ना?’’

ते हसले. ‘‘हो गं, नुसता ड्रायव्हर.’’

ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली डिस्चार्ज बुक सापडलं. त्यात पदकांची नोंद होती. एक नाव वाचून थांबले : ऑप विजय स्टार. लगेच मोबाइलवर शोधलं. कारगिल युद्धासाठी दोन पदकं दिली गेली. मोहिमेसाठी तैनात झालेल्यांना ऑपरेशन विजय मेडल आणि प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना ऑपरेशन विजय स्टार. पप्पांकडे स्टार होता!

आईला विचारलं. तिचं लग्न २००२ मधलं. ‘‘काश्मीरला होतो, लई थंडी असायची, एवढंच सांगायचे,’’ ती म्हणाली.

तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत आजीने जपलेली पत्रं होती. जून १९९९ चं एक पत्र. पत्ता काय, तर ‘द्वारा ५६ एपीओ’. फौजीच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, त्यामुळे तो नेमका कुठे आहे ते घरच्यांना कळत नाही. आत लिहिलं होतं : ‘ती. आईस शि. सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. हवा थंड आहे. यंदा पेरणीला येणे जमणार नाही. काळजी करू नये.’

त्याच महिन्यात द्रासजवळ तोलोलिंगची लढाई झाली होती. आणि पप्पा आजीला हवा थंड असल्याचं कळवत होते!

पिशवीतल्या फोटोत पप्पांबरोबर ‘शक्तिमान’ ट्रकला टेकून उभे असलेले एक काका आईने ओळखले. त्यांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘पोरी, झोजिला उतरलं की पुढचा रस्ता वरून दुश्मनाला दिसायचा. म्हणून गाड्या रात्री काढायच्या. हेडलाइट बंद. मागे दारूगोळा आणि एका बाजूला दरी. पुढच्या गाडीचा मागचा पांढरा पट्टा तेवढा बघत जायचं. तुझा बाप माझ्या पुढं असायचा. तो होता म्हणून मी पोचलो.’’

झोजिला म्हणजे साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. श्रीनगरहून द्रास, कारगिलला जाणारा रस्ता तिथूनच जातो. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, असं वाचलं. बोफोर्स तोफांचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण ते गोळे तोफेपर्यंत कुणी नेले, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो माणूस माझ्यासमोर बसून रोज चहा प्यायचा, तरी.

लाइट गेली की पप्पा अंधारात कुठेही न धडकता घरभर फिरायचे. आम्ही हसायचो. त्याचं कारण आता कळलं, पण विचारायला ते नाहीत.

म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणी फौजी असेल, आजोबा, काका, शेजारचे अण्णा, तर या सुटीत त्यांच्याजवळ बसा. ‘युद्धात काय केलंत?’ असं एकदम विचारू नका, बोलणार नाहीत. ‘पोस्टिंग कुठे कुठे होती? जेवायला काय असायचं?’ इथून सुरुवात करा. ते हयात नसतील, तर डिस्चार्ज बुक शोधा. पदकं असतील तर त्यांची कडा बघा, तिच्यावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. कागदपत्रांतलं काही अडलं, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. आणि पत्रं रद्दीत घालू नका.

परवा एका स्कॉलरशिपचा फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय, या रकान्यापाशी पूर्वी मी अडखळायचे. या वेळी ठळक अक्षरांत लिहिलं : ड्रायव्हर, भारतीय सेना.