भंगारातील बोर्डांची प्रतवारी

रेडीच्या माणसाला प्रतवारी नवी नाही. इथल्या खाणीचे लोहखनिज बंदरातून बोटीवर चढे, तेव्हा त्याचा भाव नुसत्या वजनावर ठरत नसे. ढिगातून ठिकठिकाणचा थोडा थोडा माल घेत. तो कुटून एकत्र करीत आणि त्यात लोखंड शेकडा किती, हे तपासत. लोखंड जास्त, तर भाव जास्त.

भंगाराचेही आता तसेच झाले आहे. बंद पडलेला टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल यांच्या पोटात एक पातळ पाटी असते. तिला बोर्ड म्हणतात. "ह्यात खरांच सोनां आसा काय?" असे लोक विचारतात. आहे. सोने गंजत नाही आणि वीज नीट वाहू देते. म्हणून जोडाच्या जागी त्याचा मुलामा देतात. शिवाय चांदी असते, थोडे पॅलेडियम असते. तांबे तर पुष्कळ.

पण सोने किती, ते ऐका. एक टन जुन्या मोबाइलांत सुमारे ३०० ग्रॅम. खाणीतल्या एक टन दगडात पाच-सात ग्रॅम निघाले तरी ती खाण चांगली म्हणतात. त्या मानाने हे पुष्कळच झाले. पण एका फोनाच्या वाट्याला सुमारे तीस मिलिग्रॅम येते. म्हणजे गुंजेच्या चौथ्या हिश्शाएवढे.

सगळेच बोर्ड सारखे नसतात. टीव्हीचा किंवा चार्जरचा बोर्ड बहुधा तपकिरी, एकाच बाजूने डाग दिलेला असतो. वर तांब्याच्या तारेची जड गुंडाळी असते. हा हलका माल. वजन भरपूर, सोने नाममात्र. कॉम्प्युटरचा मोठा हिरवा मदरबोर्ड मधल्या प्रतीचा. मोबाइलचा बोर्ड आणि पिवळ्या दातांची रॅमची पट्टी ही वरची प्रत. मात्र नुसत्या पिवळ्या रंगावर जाऊ नका, पितळही पिवळेच असते!

तिन्ही एका पोत्यात भरले, तर घेणारा सगळ्याला हलक्या मालाचाच भाव लावतो. इथेच गरिबाचा पैसा जातो. म्हणून तीन पोती करा. बोर्डावरचे लोखंडी पत्रे आणि ॲल्युमिनियमचे ठोकळे काढून वेगळे विका. लोखंड लोहचुंबकाला चिकटते, ॲल्युमिनियम चिकटत नाही. पण काळे चौकोनी तुकडे उचकटू नका. त्यांच्या आत सोन्याच्या बारीक तारा असू शकतात, आणि ते काढलेला बोर्ड खालच्या प्रतीत जातो.

सोनाराच्या दुकानातली धूळ नेणारे झारेकरी तुम्हांला ठाऊक असतील. ते धूळ धुऊन सोन्याचे कण काढतात. तिथे कण सुटे असतात. बोर्डात सोने दुसऱ्या धातूंना चिकटलेले असते. म्हणून काहीजण बोर्ड जाळतात, तेजाबात बुडवतात. त्याचा धूर विषारी. डागातले शिसे पोटात जाते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार बाधते. उरलेले तेजाब परसात ओतले, तर विहिरीचे पाणी बिघडते. एवढे करून हाती येते ते थोडेच, कारण पुष्कळसे सोने राखेत आणि चोथ्यात राहते. बेल्जियममधल्या होबोकेन गावी मोठी भट्टी आहे. तिथे बोर्ड वितळवून अनेक धातू वेगळे करतात, धूरही गाळतात. घरच्या चुलीवर ते होणे नाही.

आपल्या देशात यासाठी २०२२ साली नवे नियम झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. माल मोडून धातू काढणाऱ्या कारखान्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद केलेली असावी लागते. मोठा साठा झाला, तर घेणाऱ्याला ती नोंद दाखवायला सांगा. प्रत्येक पोत्याचे वजन वेगळे लिहून घ्या. मोबाइलची बॅटरी मात्र आधीच काढून निराळी ठेवा. ती चेपली किंवा तिला भोक पडले, तर पोते पेट घेते.