सायकलची बी.बी. लवकर का झिजते?

चढावर सायकल मारताना पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ असा आवाज येऊ लागतो. दुकानात नेली की मेस्त्री क्रँक धरून हलवतो आणि सांगतो, “बी.बी. गेली.” चाकांचे हब ठणठणीत असताना हीच जागा आधी का जाते? ज्यांचा शाळेचा रस्ता चार-पाच किलोमीटरांचा आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. सायकल बंद पडली की शाळाही बुडते!

आत काय असते?

बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट. सायकलच्या सांगाड्यातील नळ्या खाली जिथे एकत्र येतात, तिथे एक आडवी पोकळ नळी असते. तिच्यातून पोलादी आस, म्हणजे एक्सल, आरपार जातो. आसाच्या दोन्ही टोकांना क्रँक आणि क्रँकला पायडल असते. आडव्या नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप बसवलेले असतात. कप आणि आस यांच्यामध्ये पाव इंच व्यासाचे छर्रे फिरतात. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीत ही रचना असते. अनेक नव्या सायकलींत छर्रे बंद डबीत येतात. तरी पुढचा हिशेब त्यांनाही लागू आहे.

थोडा हिशेब करू

समजा, ४० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी एका पायडलवर उभा राहिला. पायडलवर सुमारे ४०० न्यूटन बल पडले. कपावरही तेवढेच पडेल, असे तुम्हांला वाटेल. पण पायडल कपाच्या बरेच बाहेर असते. दोन कपांमधील अंतर सुमारे ५ सेंटिमीटर, आणि पायाचा दाब जवळच्या कपापासून सुमारे १० सेंटिमीटर बाहेर. ही तर तरफच झाली! दूरच्या कपाभोवती बलाचे आघूर्ण घ्या. ४०० ला १५ ने गुणून ५ ने भागले की जवळच्या कपावर १२०० न्यूटन येतात, म्हणजे वजनाच्या तिप्पट. दूरच्या टोकाला आस ८०० न्यूटन बलाने वर उचलला जातो.

हे पडताळून पाहायचे असेल तर दोन्ही हातांच्या तर्जनी जवळजवळ धरून त्यांवर फूटपट्टी आडवी ठेवा आणि मित्राला तिचे बाहेर आलेले टोक दाबायला सांगा. जवळच्या बोटावर दाब वाढेल आणि दूरच्या बोटावरून पट्टी उचलली जाईल.

यात चेनची ओढ मिळवायला हवी. क्रँकची लांबी साधारण १७ सेंटिमीटर आणि ४८ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या साधारण ९.७ सेंटिमीटर. तेव्हा चेनमधील ताण पायाच्या बलाच्या पावणेदोन पट, म्हणजे सुमारे ७०० न्यूटन होतो. हा ताण आसाला मागे खेचतो. चेनव्हील उजव्या कपाच्या बाहेर असल्याने त्याचा बहुतेक भार उजव्या कपालाच सोसावा लागतो. चाकाच्या हबला अशी बाहेरून लोंबणारी तरफ सोसावी लागत नाही.

पोलादही थकते

गोल छर्रा कपाला किती जागेत टेकतो? एका चौरस मिलिमीटरहूनही कमी. शेकडो न्यूटन बल एवढ्याशा जागेत एकवटले की दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. गोल पृष्ठे एकमेकांना टेकताना किती दबतात, याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८१-८२ मध्ये मांडले. रेडिओलहरींच्या संशोधनामुळे पुढे प्रसिद्ध झालेले हर्ट्झ ते हेच!

एकदा दाबल्याने पोलादाला काही होत नाही. पण मोजदाद करून पाहा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर जाते असे धरा. रोज जाऊन-येऊन १० किलोमीटर म्हणजे सुमारे १७०० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात दोन पायांचे दोन दाब. शाळेच्या २०० दिवसांत हे दाब पावणेसात लाखांच्या आसपास जातात. तार वारंवार वाकवली की तुटते, तसे दाबांच्या माऱ्याने धातूच्या पृष्ठाखाली बारीक भेगा पडतात आणि कालांतराने पापुद्रा निघून खळगा होतो. याला धातूचा थकवा म्हणतात.

त्यात एक गंमत आहे. उजवा पाय दाबतो तेव्हा आसाचे डावे टोक वर उचलले जाते आणि त्याची वरची बाजू छर्‍यांवर दाबली जाते. अर्ध्या फेऱ्यानंतर डावा पाय तेच टोक खाली दाबतो. पण तोवर आसही अर्धा फिरल्यामुळे मघाची वरची बाजू आता खाली आलेली असते. म्हणजे मार पुन्हा तिलाच! जुना आस हाती आला तर खळगे सगळीकडे सारखे आहेत की एकाच बाजूला, ते जरूर पाहा.

घाईने मरण का येते?

थकवा टळत नाही, पण त्याला वेळ लागतो. बी.बी. लवकर जाते ती मुख्यतः तीन कारणांनी.

पहिले कारण पाणी आणि माती. बी.बी. ही सांगाड्यातील सर्वांत खालची जागा. सीटच्या नळीच्या फटीतून शिरलेले पावसाचे पाणी थेट तिच्यात उतरते, ग्रीस बिघडवते आणि गंज आणते. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता मोह्झच्या मापावर ७ असते. असे कण ग्रीसमध्ये मिसळले की वंगणाचा पॉलिश पेपर होतो!

दुसरे कारण सैलपणा. आस डगमगला की सगळा भार एक-दोन छर्‍यांवर येतो, आणि तोही ठोक्यासारखा.

तिसरे कारण अतिघट्टपणा. कप फार आवळला तर पाय पायडलवर नसतानाही छर्रे दबलेलेच राहतात.

मग काय करावे?

सायकल उलटी करून धुऊ नका आणि बी.बी.वर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. सीटच्या दांड्याला नळीच्या तोंडाशी ग्रीस लावा. बी.बी.च्या तळाशी पाणी निथळण्याचे भोक असल्यास ते मोकळे ठेवा.

महिन्यातून एकदा दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवा. दोन्ही एकदम हलल्या तर कप सैल आहे. एकच हलली तर तिची कॉटर पिन पाहा. कप असा बसवावा की आस डगमगणार नाही, पण बोटांनी सहज फिरेल. मग बाहेरची लॉक रिंग पक्की आवळावी.

पावसाळा संपला की दिवाळीच्या सुटीत बी.बी. उघडून घ्या. भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि ताजे ग्रीस भरा. छर्रे बदलायचे तर सगळेच बदला. नवा छर्रा झिजलेल्यांपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे भार त्या एकट्यावरच येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. बहुतेक सायकलींत उजव्या कपाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना फिरवून तो सोडवायला गेलात तर उलट आणखी आवळला जाईल.

छर्रे आणि ग्रीस यांना खर्च थोडा येतो. खळगे पडलेला आस आणि कप बदलायला जास्त. तेव्हा पहिला ‘कट्’ ऐकू आला की दुसऱ्याची वाट पाहू नका!