इथे ती राहत होती

लक्ष्मी रोडला लग्नाच्या खरेदीला गेलं की आपली नजर समोरच्या काचेतल्या साड्यांवरून हलत नाही. पुढच्या वेळी जरा मान वर करून पेठांतल्या जुन्या इमारतींच्या भिंतीही बघा. पुणे महापालिकेनं ठिकठिकाणी निळे फलक लावले आहेत. अमुक थोर व्यक्ती इथे राहत होती, तिचं काम काय, अशा दोन-चार ओळी. नीलफलक म्हणतात त्यांना.

आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी मध्ये पुण्याला गेले होते. गंज पेठेतला फुले वाडा बघायचा, सारसबागेत डबा खायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत, असा बेत. मुळशीहून पुणं काही लांब नाही, पण आमच्यातल्या निम्म्या जणी फक्त दवाखान्यासाठी पुण्याला गेलेल्या. पेठांतून चालताना दोन-तीन फलक मी मोठ्यानं वाचून दाखवले. तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "ताई, एवढी मोठी माणसं इथं राहत होती, मग त्यांचा सैपाक कोण करत होतं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आले तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

ही फलकांची पद्धत मूळची लंडनची. तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं १८६६ मध्ये ती सुरू केली आणि पुढच्याच वर्षी बायरन या कवीच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. गंमत अशी, की ते घर १८८९ मध्ये पाडूनच टाकलं. नुसत्या फलकानं घराला कायद्याचं संरक्षण तिथं आजही मिळत नाही. सध्या हे काम इंग्लिश हेरिटेज ही संस्था बघते. त्यांचे नियम कडक आहेत. माणूस जाऊन वीस वर्षं झालेली असावीत आणि त्याच्याशी संबंधित इमारत अजून उभी असावी.

या लंडनच्या भिंतींवर आपली मराठी नावंही आहेत बरं का! लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हाउली प्लेसमधल्या ज्या घरात राहिले, तिथं त्यांचा फलक आहे. हायगेटच्या इंडिया हाउसवर सावरकरांचा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात राहत होते, तिथं त्यांचा आहे. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक झालं आहे. कायदा काही म्हणो, भिंतीवर नाव असलं की ते घर लोकांच्या लक्षात राहतं, एवढं तरी होतं.

आणि बायका? लंडनमधल्या शंभर निळ्या फलकांत बायकांचे पंधराच्या आसपास भरतात. तेही आत्ता कुठे. इंग्लिश हेरिटेजनं २०१६ पासून लोकांना मुद्दाम आवाहन केलं, की बायकांची नावं सुचवा, आमच्याकडे येतच नाहीत. २०२० मध्ये नूर इनायत खान हिचा फलक लागला. भारतीय वंशाची ही मुलगी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची गुप्तहेर म्हणून पॅरिसला गेली, पकडली गेली आणि १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं. तिच्या नावाची पाटी लागायला पाऊणशे वर्षं जावी लागली. मग आमच्या बचत गटातलीनं विचारलं तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

टिळकांचंच घर घ्या ना. नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरी वाडा, सगळ्यांना माहीत आहे. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्या वर्षांत मागे राहिल्या त्या सत्यभामाबाई. घर, मुलं, आल्यागेल्याचं बघणं, सगळं त्यांच्यावर. नवरा तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये त्या गेल्या. आपल्यापैकी किती जणींना त्यांचं नाव चटकन सांगता येईल? मी मराठी घेऊन बी. ए. झाले, टिळकांवर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं होतं, पण हे नाव कुठल्याही तासाला कानावर आल्याचं आठवत नाही.

काही बायकांचं नाव टिकलं, कारण त्यांनी संस्था उभी केली. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, ते आजही चालू आहे. अशा बाईला वेगळ्या पाटीची गरज लागत नाही. आम्ही पौड रस्त्यानं पुण्याला जातो तेव्हा कर्वेनगर जवळच लागतं. तिथं महर्षी कर्व्यांची झोपडी संस्थेनं जपून ठेवली आहे. १९०० मध्ये विधवांचा आश्रम त्या हिंगण्याच्या माळावर आला तेव्हाची. झोपडी कर्व्यांची म्हणून आपण ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, १९१८ मध्ये इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेपर्यंत गेल्या. स्वतः विधवा. त्यांची ओळख मात्र आपण अण्णांच्या मेव्हणी एवढ्यावरच आटोपतो.

सावित्रीबाईंचं तर काय सांगावं! १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तो बुधवार पेठेतला वाडा कित्येक वर्षं पडायला झाला होता, खाली दुकानं, वर पडझड. कोर्टकचेऱ्या संपल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारक उभारायचं म्हणून तो पाडला. स्मारक व्हायलाच हवं. पण ज्या खोल्यांत त्या मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या, त्या खोल्या आता कुणालाच बघता येणार नाहीत, याची मला हळहळ वाटते. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांच्या नावाचा कोरलेला दगड आहे, पण तो अमेरिकेत. कार्पेंटरबाईंनी त्यांची रक्षा आपल्या घरच्या लोकांच्या दफनभूमीत ठेवली आणि वर दगड बसवला. त्या परक्या बाईला हे सुचलं.

हे झालं शहराचं. तिथं निदान वाडे होते. आमच्या मुळशीचं काय?

मुळशीचं नाव निघालं की लोकांना तळं आठवतं, ताम्हिणीचे धबधबे आठवतात. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावर टाटांचं हे धरण मुंबईला वीज देण्यासाठी बांधलं गेलं. बावन्न गावांवर त्याचं संकट आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. जान किंवा जमीन, ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे होते. बायकाही होत्या, पोरं कडेवर घेऊन कामाच्या जागी जाऊन बसणाऱ्या. तीन वर्षं हे चाललं. जमिनीचे मालक-सावकार बरेचसे पुण्यात राहणारे, त्यांनी मोबदला घेतला. जे कसत होते त्यांच्या हातून मात्र सगळंच गेलं. लढा मोडला, पाणी चढलं.

सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे, मुंबईतही आहे. असायलाच हवा. पण त्या बायका कोणत्या घरात राहत होत्या, हे सांगणारी पाटी लावायची तर कुठं लावणार? भिंतच पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, असं काठावरच्या म्हाताऱ्या सांगतात. कुणाचं जोतं कुठलं, हेही त्यांच्या सासवांनी त्यांना दाखवलेलं. माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत. त्यांना आपल्या आजेसासूचं घर नक्की कुठं होतं ते माहीत आहे, चिंचेच्या झाडापासून किती पावलं तेसुद्धा. चिंच केव्हाच गेली. मी त्यांना आजेसासूचं नाव विचारलं. म्हणाल्या, "मोठी आई म्हणायचे सगळे. नाव कोण घेतंय सासूचं!"

घराची खूण पावलांत मोजून ठेवली आहे आणि नाव मात्र गेलं! तेव्हापासून मी एक वही केली आहे. ज्या गावात बचत गटाच्या बैठकीला जाते, तिथं म्हाताऱ्या बायकांकडून नावं लिहून घेते. सासूचं, आजेसासूचं, आईचं, आजीचं. बायका आधी लाजतात, मग एकमेकींना कोपरानं ढोसत सांगायला लागतात. एकदा सुरू झाल्या की चहा गार होतो.

या वहीतूनच पुढचं एक काम निघालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

धरणाच्या अंगाला असलेल्या एका छोट्या गावात एक सुईण होती. जाऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या चाळिशीच्या पुढच्या बहुतेक माणसांची नाळ तिनं कापलेली. सरकारी दाई प्रशिक्षण झालं तेव्हा तिला एक पत्र्याची पेटी मिळाली होती, त्यात ब्लेड, दोरा, साबण. ती पेटी घेऊन पावसात, डोक्यावर इरलं घालून वाड्या-वाड्यांवर जायची. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ओढ्याला पाणी आलं की दवाखाना काय आणि दुसरा गाव काय, सारखाच लांब. तेव्हा ती होती म्हणून कित्येक बायका वाचल्या.

तिचं घर अजून आहे. कुडाच्या भिंती, पुढं पडवी, कौलं निम्मी फुटलेली. पण जमिनीला आता भाव आला आहे. मुळशीत जिकडेतिकडे रिसॉर्ट आणि शहरातल्या लोकांची शनिवार-रविवारची घरं. तिच्या मुलांनी जागा विकायला काढली आहे. त्यांना दोष देणार नाही मी. दोघांची मुलं शिकायची आहेत आणि भाताच्या दोन खाचरांवर ते होत नाही. घर जाणार हे नक्की.

म्हणून बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, घर पडायच्या आत तिच्या नावाची पाटी लावायची. पुण्यातल्यासारखी. पाटीचं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो नावाचा. गावात सगळे तिला आई म्हणायचे. ग्रामपंचायतीत नमुना आठ काढला, घर नवऱ्याच्या नावावर, त्याच्या पाठोपाठ मुलांच्या. सातबाऱ्यावर नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव चढलं, पण तिथं अक्षर असं, की तिघांनी तीन वाचलं. रेशनकार्डावर वेगळंच. शेवटी तिच्या माहेरच्या गावी जाऊन, नव्वदीच्या धाकट्या बहिणीला विचारून नाव पक्कं केलं. माहेरचं नाव निराळं, लग्नात बदललेलं निराळं. बहीण म्हणाली, आमच्या आईनं ठेवलेलं लिहा. मला ते पटलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावणं सरकारनं बंधनकारक केलं आहे, मग आईनं ठेवलेलं नाव दगडावर कोरायला काय हरकत आहे? ते नाव मी इथं लिहीत नाही. पाटी लागल्याशिवाय पेपरात यायला नको, असं घरच्यांनी सांगितलं आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. जागा घेणाऱ्या पार्टीनं आधी हो म्हटलं आणि नंतर, कंपाउंडचं डिझाइन बिघडेल म्हणून नको म्हटलं. मग आमच्यातल्या एकीनं सुचवलं, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लावू. घर नाही तर नाही, तिचं काम तरी तिथं चालू आहे. आणि रोज गरोदर बाया तिथं येतात, त्या वाचतील. लंडनवाल्यांच्या नियमात हे बसत नाही, पण लंडनला आमच्याएवढा पाऊस आणि आमच्याएवढे बिल्डर कुठं आहेत?

पत्र्याची रंगवलेली पाटी करायची नाही, हे मात्र सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. दोन पावसाळ्यांत गंजते. काळा ग्रॅनाइट घ्यायचा आणि अक्षरं कोरून घ्यायची. खर्च गटाच्या शिलकीतून, आणि मुलांनीही आपणहून हजार-हजार दिले.

आता सध्या वाद चालला आहे तो मजकुराचा. पुरुष मंडळींचं म्हणणं, "आरोग्यसेविका" लिहा, बरं दिसतं. तिची नात नर्स आहे, पिंपरीला एका हॉस्पिटलात. ती सुट्टी काढून बैठकीला आली होती. म्हणाली, "आजी सुईण होती. सुईणच लिहा. मी नर्स आहे, तर मला कोणी सिस्टर म्हणतं, मी लाजते का?" एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, किती बाळंतपणं केली तो आकडा टाका, वजन येईल. पण आकडा कोण देणार? तिनं कधी मोजलं नाही. मग सगळ्या बायका आपापली पोरं मोजायला लागल्या. माझी तीन, जावेची चार, खालच्या आळीतल्या अमकीची पहिली जुळी. वहीची दोन पानं भरली, आणि अजून वरची वाडी राहिलीच आहे.

विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवला आहे. वरच्या वाडीवर मी रविवारी जाणार आहे, वही घेऊन.