आधी तराजू तपासू या

मंडळी, नर्सिंग शिक्षणाच्या आंतरसांस्कृतिक अभ्यासात पूर्वचाचणी, म्हणजे तुमची पायलट स्टडी, बहुतेकदा उरकली जाते. ती का उरकू नये, हे आज आपण पाहू.

समजा, एक इंग्रजी प्रश्नावली आपल्याला इथल्या विद्यार्थिनींना मराठीतून द्यायची आहे. त्यातला कळीचा शब्द ‘क्रिटिकल थिंकिंग’. अनुवादक लिहितो ‘टीकात्मक विचार’. मग रिवाजाप्रमाणे दुसऱ्याकडून उलट अनुवाद करून घ्यायचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७० सालचा लेख या पद्धतीसाठी आजही सांगितला जातो. तर उलट अनुवादात पुन्हा ‘क्रिटिकल थिंकिंग’च येतं. जुळलं की!

पण आपल्या बोलण्यात टीका करणं म्हणजे दोष काढणं. ‘शिकवलेल्या गोष्टींचा तुम्ही टीकात्मक विचार करता का?’ याचा अर्थ विद्यार्थिनी लावते, ‘बाईंच्या चुका काढतेस का?’ ती मुकाट्याने ‘कधीच नाही’वर खूण करते. आणि आपण निष्कर्ष काढून मोकळे: इथल्या मुलींत चिकित्सक वृत्ती कमी! दोष शब्दाचा, शिक्का मात्र मुलींवर.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे क्वाइन आठवेल. १९६०च्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’मध्ये तो दाखवतो की ससा पळताना कुणी ‘गवागाई’ म्हणालं, तर तो शब्द सशाला उद्देशून आहे, की सशाच्या एखाद्या अंगाला, हे नुसतं पाहून ठरत नाही. विचारत राहावं लागतं.

पूर्वचाचणी म्हणजे हेच विचारत राहणं. आठ-दहा विद्यार्थिनी घ्या. ‘हा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग’, ‘उत्तर देताना वॉर्डातला कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आला?’ असं विचारा. विचारणारी व्यक्ती अंतर्गत गुण देणारी नसावी. नाहीतर उत्तर गुणांसाठी येईल. ‘चिकित्सक विचार’ घालून पुन्हा विचारा. प्रसंग बदलतो का, पाहा.

आणखी एक. क्रोनबाखचा अल्फा चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नका. सगळ्यांनी प्रश्नांचा एकसारखाच चुकीचा अर्थ घेतला, तरी अल्फा उत्तम येऊ शकतो. तो उत्तरांची आपापसातली सुसंगती सांगतो. अर्थ कोणता घेतला, हे सांगत नाही.

तेव्हा दोन देशांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी एवढं विचारू या: दोन्हीकडे आपण एकच गोष्ट मोजली का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पूर्वचाचणी वाया गेली असं समजू नका. तिने आपलं काम चोख केलं.